सनदेची वाट : भंडारा जिल्ह्यातून लेखापाल होण्याचा विचार

सनद हा शब्द झाडीपट्टीच्या, म्हणजे आपल्या भंडारा भागातल्या, माणसाला परका नाही. ज्या मुलखात गोंड राजांच्या अमदानीत तळी बांधणाऱ्या कोहळी समाजाला जमिनीचे हक्क मिळाले, ज्या मुलखात नागपूरकर भोसल्यांच्या कारकिर्दीतली इनामे कागदावर उतरली, आणि ज्या मुलखात मालगुजारीची पद्धत १९५० च्या कायद्याने संपुष्टात येईपर्यंत गावोगावच्या जमाबंदीचे कागद देव्हाऱ्यातल्या पोथीसारखे जपले गेले, त्या मुलखात सनद म्हणजे राज्यसत्तेने एखाद्या माणसावर ठेवलेला लेखी विश्वास, हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. आजच्या काळात अशी एक सनद तरुणांना अद्याप मिळू शकते. तिच्यामुळे जमीनजुमला पदरात पडत नाही; परंतु दुसऱ्याच्या हिशेबाखाली स्वाक्षरी करून तो हिशेब सत्य आणि यथार्थ आहे, असे चारचौघांना सांगण्याचा अधिकार तिच्यायोगे प्राप्त होतो. या सनदेच्या धारकास आपण सनदी लेखापाल म्हणतो, आणि व्यवहारात केवळ 'सी.ए.' या दोन अक्षरांनी त्याची ओळख पुरी होते.

भंडारा, तुमसर, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी या सात तालुक्यांतील एखाद्या मुलाने वा मुलीने ही सनद मिळवावयाची ठरविल्यास वाट कोणती, त्या वाटेवर अडचणी कोणत्या, आणि २०११ च्या जनगणनेप्रमाणे बारा लाख लोकवस्तीच्या या जिल्ह्याला अशा माणसांची गरज कशासाठी, या प्रश्नांचा साद्यंत विचार येथे करावयाचा आहे. या विद्येचा परीक्षेहूनही मोठा भाग उमेदवारीत, म्हणजे दुसऱ्याच्या दफ्तरात बसून केलेल्या कामात, सामावलेला असतो. शिकवणीवर्गांच्या बाबतीत गरीब असलेला आपला जिल्हा या उमेदवारीच्या बाबतीत मात्र संपन्न आहे, असे माझे मत आहे आणि पुढील विवेचन त्याच मताला धरून आहे.

हिशेबतपासणी ही केवळ इंग्रजांनी आणलेली वस्तू आहे, असा एक समज आढळतो. तो अर्धाच खरा आहे. मराठी राज्यात मुजुमदार होता, फडणीस होता, दफ्तरदार होता. कीर्द, खतावणी, ताळेबंद, तसलमात, रुजवात हे शब्द आपल्या भाषेत त्याच काळापासून नांदत आहेत, आणि पैसा खर्च करणारा एक व त्या खर्चाची रुजवात घालणारा दुसरा, हे तत्त्वही आपल्या पूर्वजांस ज्ञात होते. इंग्रजी अमलाने जे नवे आणले ते कंपनी नावाच्या संस्थेमुळे आणावे लागले. ज्या धंद्यात मालक शेकडो असून बहुतेक सारे दूर असतात आणि कारभार मूठभर संचालकांच्या हाती असतो, त्या धंद्यातील अनुपस्थित मालकांच्या वतीने दफ्तर पाहणारा स्वतंत्र तपासनीस असणे अपरिहार्य झाले. १९१३ च्या कंपनी कायद्याने अशा तपासनिसाची पात्रता ठरविण्यास आरंभ केला. त्याच वर्षी मुंबईत सिडनहॅम महाविद्यालय स्थापन होऊन वाणिज्याच्या उच्च शिक्षणाचा पाया घातला गेला, आणि १९१८ पासून मुंबई सरकारने लेखाशास्त्राची शासकीय पदविका सुरू केली. १९३२ मध्ये भारतीय लेखा मंडळ अस्तित्वात आले व 'नोंदणीकृत लेखापाल' ही पदवी रूढ झाली. पुढच्याच वर्षी मद्रासच्या आर. शिवभोगम यांनी ही पात्रता मिळवून या व्यवसायाचे दार स्त्रियांसाठी उघडले, ही गोष्ट आज आपल्या मुलींना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

स्वातंत्र्यानंतर हा व्यवसाय सरकारी मंडळाच्या ताब्यात न ठेवता त्याची शिस्त त्याच्याच सभासदांच्या हाती द्यावी, असा विचार प्रबळ झाला. त्यानुसार सनदी लेखापाल अधिनियम संमत होऊन १ जुलै १९४९ रोजी अमलात आला आणि भारतीय सनदी लेखापाल संस्था जन्मास आली. गोपाळदास कपाडिया हे तिचे पहिले अध्यक्ष. सुमारे १,७०० सभासदांनिशी उभी राहिलेली ही संस्था आज चार लाखांहून अधिक सभासदांची झाली आहे. तिच्या बोधचिन्हात गरुड आहे आणि तिचे ब्रीद कठोपनिषदातून घेतलेले आहे. सारे निद्रिस्त असता जो जागा राहतो त्याचे वर्णन करणारे ते वचन श्रीअरविंदांनी सुचविले होते. त्या काळी भंडारा जिल्हा मध्यप्रांत-वऱ्हाडात होता. पुढे तो मध्यप्रदेशात, १९५६ साली मुंबई राज्यात आणि १ मे १९६० पासून महाराष्ट्रात आला. राज्ये बदलली तरी येथील विद्यार्थ्याचे उच्च शिक्षणासाठीचे तोंड मात्र नागपूरकडेच राहिले. आजही साठ किलोमीटरांवरचे नागपूर हेच त्याच्या दृष्टीने शिकवणीचे, वाचनालयाचे आणि संस्थेच्या शाखेचे गाव आहे.

आता प्रत्यक्ष वाटेकडे वळू. संस्थेने १ जुलै २०२३ पासून जी नवी योजना अमलात आणली तिच्याप्रमाणे या वाटेवर तीन परीक्षा आणि त्यांच्यामध्ये एक उमेदवारी असे टप्पे आहेत. दहावीनंतर नाव नोंदविता येते. परंतु फाउंडेशन ही पहिली परीक्षा बारावीनंतरच देता येते आणि तिच्यापूर्वी किमान चार महिन्यांचा अभ्यासकाल जावा लागतो. लेखाशास्त्र, व्यापारी कायदे, गणित-तर्क-संख्याशास्त्र आणि अर्थशास्त्र असे तिचे शंभर गुणांचे चार विषय असून शेवटच्या दोहोंत पर्यायी उत्तरांचे प्रश्न असतात, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात. पदवीधरांना या पहिल्या पायरीवरून सूट आहे. वाणिज्य शाखेत ५५ टक्के किंवा अन्य शाखेत ६० टक्के गुण असल्यास त्यांना थेट दुसऱ्या परीक्षेसाठी नाव नोंदविता येते. बारावीला कला किंवा विज्ञान शाखा घेतली म्हणून ही वाट बंद झाली, असे समजून निराश होणारे विद्यार्थी आपल्याकडे पुष्कळ आहेत; त्यांना हे कोणी सांगत नाही, म्हणून येथे स्पष्ट सांगितले.

इंटर ही दुसरी परीक्षा तीन-तीन विषयांच्या दोन गटांची आहे. पहिल्या गटात प्रगत लेखाशास्त्र, कंपनी व इतर कायदे आणि आयकर व वस्तू-सेवा कर यांचा समावेश होतो. दुसऱ्यात परिव्यय लेखा, लेखापरीक्षण व व्यावसायिक नीती आणि वित्तीय व धोरणात्मक व्यवस्थापन. नोंदणीनंतर आठ महिन्यांनी ही परीक्षा देता येते. दोन्ही गट उत्तीर्ण झाल्यावर आणि संगणक व व्यवसायपरिचय यांचे अल्पमुदतीचे वर्ग पूर्ण केल्यावर दोन वर्षांची उमेदवारी सुरू होते. पूर्वी ती तीन वर्षांची होती. उमेदवारी संपल्यानंतर अभ्यासासाठी सहा महिने सोडून फायनल परीक्षा देता येते. तिचेही दोन गट व सहा विषय आहेत, आणि शेवटचा विषय असा की, त्यात पुस्तके उघडी ठेवून, अनेक शास्त्रांचा संबंध असलेले एखादे व्यावहारिक प्रकरण सोडवावयाचे असते. याखेरीज काही विषय घरी बसून स्वतःच्या गतीने पूर्ण करावयाचे आहेत. सारे काही पहिल्या फेरीत जमले तर बारावीनंतर साडेतीन-चार वर्षांत सनद हाती येते.

परंतु सारे काही पहिल्या फेरीत जमणारे विद्यार्थी थोडेच असतात. प्रत्येक विषयात ४० आणि गटाच्या एकंदरीत ५० टक्के, हा उत्तीर्ण होण्याचा दंडक आहे. त्यामुळे दोन विषयांत सत्तर गुण मिळविणारा विद्यार्थी तिसऱ्यात ३९ वर थांबला तर सारा गट गमावून बसतो. मात्र ज्या विषयात त्याने साठ वा अधिक गुण मिळविले त्यात पुढील काही प्रयत्नांपुरती सूट मिळते. या परीक्षा अलीकडे वर्षातून तीनदा होऊ लागल्या आहेत, त्यामुळे एका अपयशाने अर्धे वर्ष वाया जाण्याची पूर्वीची आपत्ती बरीच सौम्य झाली आहे. तरीही घरच्यांच्या मनाची तयारी आधी करणे अगत्याचे आहे. शेतकरी बाप एका वर्षाच्या नापिकीने शेती सोडीत नाही. त्याने मुलीच्या एका नापास गटाकडेही त्याच दृष्टीने पाहावे. या शास्त्रात एका गटासाठी दोन-तीन वेळा बसावे लागणे ही सर्वसामान्य गोष्ट आहे, त्यात नामुष्कीचे काही नाही.

आता उमेदवारीचा विचार करू. संस्थेच्या स्थापनेच्या काळात उमेदवाराने आपल्या गुरुस्थानी असलेल्या लेखापालास अधिमूल्य द्यावयाचे, अशी चाल होती. म्हणजे ऐपत नसलेल्या घरच्या मुलाला दारातच थांबावे लागे. ती चाल आता निषिद्ध असून उलट उमेदवारालाच किमान विद्यावेतन देणे लेखापालावर बंधनकारक आहे. हे विद्यावेतन गावाच्या लोकसंख्येप्रमाणे तीन श्रेणींत ठरते, आणि वीस लाखांवरच्या नागपूरपेक्षा चार लाखांखालच्या भंडाऱ्यातील उमेदवारास ते कमी मिळते. म्हणून आणि नागपुरात शिकवणीवर्ग असल्यामुळे मुले तिकडे ओढली जातात. त्यांना दोष देता येणार नाही. परंतु येथे राहून उमेदवारी करणाऱ्याचे नुकसानच होते, असे समजणे चूक आहे.

एक उदाहरण घेऊ. भंडारा जिल्हा धानाचा आहे, आणि तुमसरची तांदळाची बाजारपेठ प्रसिद्ध आहे. आधारभूत खरेदी केंद्रावर घेतलेले धान भरडाईसाठी गिरणीकडे जाते, आणि केंद्र शासनाच्या प्रमाणानुसार एक क्विंटल धानामागे ६७ किलो कच्चा तांदूळ गिरणीने परत करावयाचा असतो. उरलेल्यात कोंडा आहे, कणी आहे, भुसा आहे आणि ओलाव्यामुळे येणारी घट आहे. बारदान्याचा हिशेब वेगळा, वाहतुकीचा वेगळा, गोदामातील तुटीचा वेगळा. ज्या उमेदवाराने पोती मोजली आहेत, थप्पीच्या आत हात घालून धान चाचपले आहे आणि वजनकाट्याच्या पावत्या भरडाईच्या नोंदवहीशी ताडून पाहिल्या आहेत, त्याला साठ्याचा आकडा खरा की बनावट, हे जसे समजते तसे ते केवळ पुस्तकातून समजणे कठीण आहे. १८९६ साली इंग्लंडमधील किंग्स्टन कापूस गिरणीच्या प्रसिद्ध खटल्यात व्यवस्थापकाने फुगवून सांगितलेला साठा तपासनिसाने तसाच स्वीकारला आणि न्यायालयाने त्याला दोषमुक्त ठरविले. आजची लेखापरीक्षा मानके इतकी उदार नाहीत. साठा महत्त्वाचा असेल तर त्याच्या मोजणीस तपासनिसाने उपस्थित राहावे, असा त्यांचा सामान्य दंडक आहे. हा दंडक झाडीपट्टीतील उमेदवार पहिल्याच हंगामात आपल्या हातांनी शिकतो.

जिल्ह्यातील दफ्तरांचे वैविध्यही थोडे नाही. भंडाऱ्याच्या पितळी भांड्यांच्या कारखानदाराकडे मोड वितळवताना येणाऱ्या घटीचा प्रश्न असतो. मोहाडी-आंधळगावच्या कोसा विणकरांकडे घराघरांत वाटलेल्या सुताचा आणि परत आलेल्या कापडाचा मेळ घालावा लागतो. डोंगरी बुजुर्ग व चिखला येथील मँगनीजच्या खाणी चालविणारी मॉइल ही सरकारी कंपनी असल्यामुळे तिचा लेखापरीक्षक देशाच्या महालेखापरीक्षकांकडून नेमला जातो. जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना १ ऑक्टोबर २०२१ पर्यंत संरक्षण खात्याच्या हिशेबपद्धतीने चालत असे. तेव्हापासून तो म्युनिशन्स इंडिया लिमिटेड या कंपनीचा घटक झाला आणि कंपनी कायद्याची हिशेबतपासणी त्याला लागू झाली. वरठीचा पोलाद कारखाना, लाखनीजवळील गडेगावचा वाहन कारखाना, आणि त्यांच्या आश्रयाने वाढलेले लहान कंत्राटदार, हे सारे कर आणि लेखा या दोन्ही शास्त्रांचे जिवंत पाठ आहेत. वार्षिक उलाढाल एक कोटीच्या वर गेल्यास, आणि रोखीचे व्यवहार पाच टक्क्यांच्या आत असल्यास दहा कोटींच्या वर गेल्यास, व्यापाऱ्यास आयकर कायद्यान्वये लेखापरीक्षण करवून घ्यावे लागते. ही तरतूद १९८४ साली आली आणि तिने तालुक्याच्या गावी बसणाऱ्या लेखापालाला नियमित काम दिले. १ जुलै २०१७ रोजी आलेल्या वस्तू-सेवा कराने त्यात भर घातली.

मात्र जिल्ह्यातील सर्व हिशेब याच सनदेखाली येतात, असे नाही. जिल्हा परिषद व नगरपालिका यांची तपासणी राज्याच्या स्थानिक निधी लेखापरीक्षा खात्याकडे असते. आणि सहकारी संस्थांच्या तपासणीसाठी तर एक स्वतंत्र वाट आहे, जिची माहिती ग्रामीण विद्यार्थ्यांना असणे मला अत्यंत आवश्यक वाटते. ती म्हणजे शासकीय सहकार व लेखा पदविका, जिला सारे 'जी.डी.सी. अँड ए.' या नावाने ओळखतात. पदवीधरास ही परीक्षा सहकार खात्याकडे देता येते, ती मराठीतून लिहिता येते, आणि तिच्यासह संस्थांच्या लेखापरीक्षणाचा तीन वर्षांचा अनुभव असल्यास प्रमाणित लेखापरीक्षक म्हणून सहकारी संस्थांची दफ्तरे तपासता येतात. सनदी लेखापालाचे क्षेत्र याहून कितीतरी विस्तृत आहे, हे खरे. परंतु ज्याला घर, शेती आणि वृद्ध आईबाप सोडून जाता येत नाही त्याच्यासाठी ही वाट कमी प्रतीची नाही.

येथेच भाषेचा प्रश्न उभा राहतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमाने लेखापरीक्षकाची व्याख्या करताना, तो प्रमाणित असो वा सनदी असो, त्याला मराठीचे कामचलाऊ ज्ञान असावे, अशी अट घातली आहे. कारण संस्थेची इतिवृत्ते मराठीत, ठराव मराठीत, सभासदाचा अर्ज मराठीत. कायद्याने मराठी आवश्यक मानली. पण सनदी लेखापालाच्या परीक्षा आजही इंग्रजी किंवा हिंदी याच भाषांत देता येतात. मराठी माध्यमातून बारावी झालेली मोहाडीची मुलगी लेखाशास्त्रात कच्ची नसते. 'नावे' आणि 'जमा' यांचे मर्म तिला चांगले उमगलेले असते. तिचा पहिला पराभव होतो तो कायद्याच्या इंग्रजी परिभाषेकडून. पुढे कंपन्यांच्या आणि न्यायाधिकरणांच्या कामासाठी इंग्रजी अटळ आहे, हे मान्य करूनही निदान पहिली परीक्षा मराठीतून देण्याची मुभा असावी, आणि तोवर आपल्या वाणिज्य महाविद्यालयांनी दोन्ही भाषांतील परिभाषा शेजारीशेजारी ठेवून शिकवावी, अशी माझी आग्रहाची मागणी आहे. शिकवणीच्या खर्चाची अडचण मात्र काही अंशी हलकी झाली आहे. संस्थेचे अभ्यासमंडळ आता दूरस्थ पद्धतीने विनामूल्य वर्ग घेते, आणि लाखांदूरच्या खोलीतूनही ते ऐकता येतात.

सनद मिळाल्यावर दोन वाटा फुटतात. कोणी नोकरी धरतो. जो स्वतंत्र व्यवसाय करू इच्छितो त्याला संस्थेकडून वेगळे व्यवसाय-प्रमाणपत्र घ्यावे लागते. लोकांचा लेखापाल तो हाच. त्याला स्वतःची मनमानी जाहिरात करता येत नाही, कामे मागत फिरता येत नाही, शुल्काचा वाटा बाहेरच्याला देता येत नाही. आणि २०१९ पासून त्याच्या प्रत्येक प्रमाणपत्रावर अठरा आकडी स्वतंत्र क्रमांक असतो, ज्यावरून ती स्वाक्षरी खरी की बनावट हे बँकेला वा खात्याला तत्काळ पडताळता येते. गैरवर्तन शाबीत झाल्यास सभासदत्वही जाते.

या साऱ्या बंधनांचा अर्थ पतसंस्थेच्या दफ्तरात सर्वाधिक कळतो. बँकेतील ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंतचे कवच आहे. पतसंस्थेतील ठेवीला ते नाही. धान विकून आलेले पैसे, मुलीच्या लग्नासाठी बाजूला ठेवलेली पुंजी, निवृत्त शिक्षकाचा निर्वाहनिधी, हे सारे तेथे संचालकांच्या सचोटीवर आणि तपासनिसाच्या दक्षतेवर विसंबून असते. आर्थिक वर्ष संपल्यापासून चार महिन्यांत तपासणी पुरी व्हावी, तिचा अहवाल वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे यावा, आणि अपहार आढळल्यास तपासनिसाने निबंधकास विशेष अहवाल देऊन त्यांच्या परवानगीने प्रथम खबर नोंदवावी, असे कायदा सांगतो. ज्या गावात सारे एकमेकांचे सोयरे असतात त्या गावात ही खबर नोंदविणे किती अवघड आहे, हे शहरातल्या तपासनिसाला कळणार नाही. इथल्या मुलाला ते कळते. म्हणून त्याची कसोटीही अधिक कठीण, आणि त्या कसोटीला तो उतरला तर त्याचे मोलही अधिक.

सप्टेंबरअखेर गावच्या संस्थेची सभा भरते. ताळेबंदाची छापील प्रत हातोहात फिरते, ती वाचू शकणारे थोडे असतात, आणि बहुतेक सभासद प्रत उलटून शेवटच्या पानावर कोणाची सही आहे एवढेच पाहतात. ती सही आपल्याच तालुक्यातून शिकून आलेल्या, धानाची थप्पी हाताने चाचपलेल्या आणि संस्थेचे मराठी इतिवृत्त ओळन् ओळ वाचलेल्या माणसाची असावी, असे मला मनापासून वाटते. त्या सहीवर भिस्त ठेवून कागदाची घडी खिशात घालणाऱ्या म्हाताऱ्या सभासदाचा विश्वास खोटा ठरू नये, याच्यासाठीच या सनदेची वाट इतकी लांब आणि इतकी कठीण ठेवलेली आहे.